अकरा गावांच्या चपला

लोटन नानांच्या खोलीत टीव्ही नव्हता, आरसा नव्हता, पाहुण्यासाठी खुर्ची नव्हती. पण चपलांचे अकरा जोड होते. समोरच्या भिंतीत ओळीनं अकरा खिळे ठोकलेले, प्रत्येक खिळ्याला प्लास्टिकच्या चपलांचा एक जोड टांगलेला आणि वर खडूनं गावाचं नाव. आमच्या जनावरांच्या दवाखान्याखाली अकरा गावं येत, म्हणून अकरा. ती भिंत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हा माणूस नोकरीबरोबर चपलांचं दुकानही चालवतो की काय. तसं मी बोलूनही दाखवलं. नाना हसले नाहीत. "रोग पंखवर नई येस मॅडम, पायवर येस," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशीच्या गावाचा जोड खिळ्यावरून काढून त्यांनी पिशवीत टाकला.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. गाव यावल तालुक्यातलं, दक्षिणेला नजर पोचेल तिथपर्यंत केळी आणि उत्तरेला सातपुडा. दवाखान्यात डॉक्टर मी आणि हाताखाली नाना, बाकी सगळ्या जागा रिकाम्या. सरकारी कागदात नानांचं पद व्रणोपचारक असं होतं. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैल आडवा पाडायचा. ते सगळं ते करत, पण त्यांचा जीव कोंबड्यांत होता. म्हशीला डॉक्टर मिळतो, बैलासाठी घरातला कर्ता पुरुष कामधंदा सोडून धावत येतो. दारातल्या चार गावठी कोंबड्या बायकांच्या असतात, त्या मेल्या तर शेजारणीजवळ हळहळायचं आणि पुन्हा एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची. दवाखान्यात त्यांचं नाव कुणी काढत नाही.

आणि त्या मरत. दर एक-दोन वर्षांनी एक लाट येई. पुस्तकात त्या रोगाला राणीखेत म्हणतात, गावात मानमोडी. कोंबडी आधी डोळे मिटून कोपऱ्यात बसते, हिरवट पांढरं हगते, तोंड उघडं टाकून श्वास घेते, मग तिची मान पिळवटते आणि दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं. एकदा लागण झाली की औषध नाही. निरोगी असतानाच लस टोचायची, तेवढाच उपाय. निरोगी कोंबडीला सुई टोचू द्यायला गावाला तयार करणं, ही नानांची तीस वर्षांची नोकरी होती.

मूळचे ते धुळ्याकडचे. बोलणं ठसठशीत अहिराणी. यावलकडची बोली वेगळी, त्यामुळे इथे वीस वर्षं काढूनही नानांनी तोंड उघडलं की लोक त्यांच्या 'आहे'ऐवजी येणाऱ्या 'शे'ची नक्कल करत. मी धुळ्याची. आमच्या घरी अहिराणी स्वयंपाकघरात बोलायची आणि दारात कुणी आलं की शुद्ध मराठी, असा रिवाज होता. मला अहिराणी कळते हे समजल्यावर नाना माझ्याशी मोकळं बोलायला लागले. मोकळं म्हणजे दिवसाला दहा-बारा वाक्यं. त्याआधी दिवसाला किती होत असतील कोण जाणे. बायको सुरतेला मुलाकडे होती. नातू झाला तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, तो नातू आता शाळेत जात होता.

पहिल्या फेरीला त्यांनी मला पहाटे साडेपाचला उठवलं. कोंबड्या एकदा सुटल्या की हाताला लागत नाहीत, म्हणून लस टोचायची ती खुराडं उघडायच्या आत. गळ्यात थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात लशीच्या कुपी. सायकलच्या एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला पिशवी. गावाच्या शिवेवर हापसा होता, तिथे नानांनी सायकल लावली, बादलीत पाणी भरलं, पोटॅशची पूड टाकली आणि जांभळ्या पाण्यात पाय बुडवून उभे राहिले. घोट्यापर्यंत, अगदी सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवत. मग पिशवीतून त्या गावाच्या चपला काढल्या. माझ्या पायात नवेकोरे बूट होते.

"बूट उतारा मॅडम. या गावनी धूळ त्या गावले लई जावानी नई."

मी डॉक्टर आणि ते व्रणोपचारक, हे मला तेव्हा जरा जास्तच आठवत असे. मी म्हटलं, नाना, पुस्तकात जैवसुरक्षा मीही वाचली आहे, पण ती मोठ्या पोल्ट्रीसाठी. इथे कुत्री फिरतात, कावळे फिरतात, त्यांचे पाय कोण धुणार? नाना म्हणाले, कुत्र्याचे पाय कुत्रा बघेल, आपले आपण बघायचे. मी बूट उतरवले. त्यांनी माझ्यासाठीही एक जोड आणलेला होता, माझ्या मापाचा. माप त्यांनी कधी घेतलं ते मला आजही ठाऊक नाही.

कोंबडी धरावी तर नानांनी. बायका हात घालत तेव्हा खुराड्यात हलकल्लोळ होई. नाना नुसता हात आत सारत आणि कोंबडी जणू आपण होऊन त्यांच्या तळव्यावर येऊन बसे. तिच्या डोळ्यांवर ते करंगळी आडवी धरत, की ती शांत. मग दोन्ही पाय एका हातात, पंख उघडायचा, कातडीखाली सुई. तोंडानं तिच्याशी बोलणं चालू: व्हयनं, व्हयनं, माय, आते जाय. माणसांशी ते इतक्या लाडानं बोललेले मी कधी ऐकले नाहीत. दर दोन घरांनंतर सुई बदलायची, आणि आधीच्या घरी एखादी कोंबडी जरा जरी मलूल दिसली तर त्याच घरी बदलायची. मी एकदा म्हटलं, नाना, सुया संपतील. ते म्हणाले, मी माझ्या आणतो.

आणि कुणाच्या घरात शिरायचं नाही. अंगणातच सगळं. चहा नाही, पाणी नाही, खाटेवर टेकणं नाही. खानदेशात दारी आलेल्या माणसाला चहा नको म्हणणं म्हणजे त्या घराला नावं ठेवण्यासारखं. पहिल्या वर्षी लोकांनी आग्रह केला असेल, दुसऱ्या वर्षी रागावले असतील, मग सोडून दिलं. नानांच्या टाचा आणि नखं पोटॅशनं कायमची तपकिरी झाली होती. बायका हसून म्हणत, नानांना बारमाही मेंदी लागलेली असते. नाना खाली मान घालून पुढच्या घराकडे जात. लग्नाची पत्रिका त्यांना कुणी देत नसे, कारण देऊनही ते येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः कधी कोंबडी पाळली नाही. लस टोचणाऱ्याच्या घरी कोंबडी नसावी, म्हणत. बाहेरचा रोग तिला द्यायचा आणि तिचा बाहेर न्यायचा, दोन्ही पापं एकाच घरी.

आता माझी गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. गावाच्या उत्तर टोकाला मजुरांची एक वस्ती होती, पावरा आणि तडवी आदिवासींची. केळीच्या कामाला आलेली माणसं. एका सकाळी लसीकरण करून आम्ही तिथून निघालो आणि नानांनी वस्तीच्या तोंडाशीच बादली मांडली. पाय धुतले, हात धुतले, चपला पाण्यात बुचकळल्या. वस्तीतल्या दोन बाया आणि एक म्हातारा उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर जे होतं ते मला सहन झालं नाही. मी तिथेच नानांवर तोंड सोडलं. म्हटलं, यांच्या घरचं पाणी चालत नाही, यांची धूळ चालत नाही, कुठल्या काळात राहता तुम्ही? सरकारी नोकरीत सोवळं पाळायचं असेल तर राजीनामा द्या.

नानांनी बादली उलटी केली, सायकलला अडकवली आणि निघाले. ते प्रत्येक गावाच्या शिवेवर असेच पाय धूत, पाटलाच्या गल्लीतून निघताना धूत, स्वतःच्या जातभाईंच्या गावातून निघतानाही धूत. मी रोज बघत होते. दिसलं मात्र मला त्या वस्तीवरच. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. नाही कळलं, आणि पुढे महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या दहा-बारा वाक्यांतलीही निम्मी मी काढून घेतली, याची मला आजही लाज वाटते.

मग हिवाळा संपता संपता आमच्याच गावात, लस चुकवलेल्या खुराड्यांत, मानमोडी आली. अशा वेळी गावात एकच शहाणपण चालतं: पहिली कोंबडी पेंगुळली की उरलेल्या झटपट आठवडे बाजारात न्यायच्या, नाहीतर लेकीच्या घरी धाडायच्या. लेकीला वाटतं, आईनं प्रेमानं कोंबडी पाठवली. प्रेमाबरोबर काय गेलं ते चार दिवसांनी कळतं. नानांनी बाजारात उभं राहून लोकांना परत पाठवायचा प्रयत्न केला, लोकांनी त्यांना ढकलून दिलं. एका बाजारात रोग तीन गावांना गेला.

त्या संध्याकाळी नाना माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, सागझिऱ्याला जायला पाहिजे. तिथे अजून रोग गेलेला नाही.

सागझिरा म्हणजे आमच्या यादीतलं अकरावं नाव. सातपुड्याच्या पायथ्याच्या वर, नाला ओलांडून, पावरा लोकांचा वीस-पंचवीस घरांचा पाडा. तिथे आम्ही कधीच लस टोचत नव्हतो. मी विचारलं होतं तेव्हा नाना म्हणाले होते, ते लोक टोचू देत नाहीत. मीही मग आग्रह धरला नव्हता. मी म्हटलं, आता कसे टोचू देतील? नाना खाली बघत म्हणाले, आधी तुम्हाला एक सांगायचं आहे. आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

नऊ वर्षांपूर्वी असाच रोग खालच्या गावात आला होता. नाना पहाटे टोचायला निघाले. त्यांना एका गोष्टीचं फार होतं: कुपी वाया जाऊ द्यायची नाही. एका कुपीत शंभर कोंबड्यांची लस असते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर ओतून द्यायची. त्या दिवशी खालच्या गावात साठ कोंबड्या झाल्या, चाळिसांची लस उरली. नानांनी घड्याळ पाहिलं. एक तास होता. सागझिरा सायकलवर वीस मिनिटं. चाळीस कोंबड्या वाचतील या हिशेबानं ते तसेच वर निघाले, जी चप्पल रोगी खुराड्यांत फिरली तीच पायात, तीच सुई, तेच हात. पाड्यावरचं पहिलं घर रुमलीबाईचं. तिच्या सगळ्या कोंबड्या त्यांनी टोचल्या, मग शेजारच्यांच्या. वेळेत संपलं म्हणून खूश होऊन खाली आले.

पाच दिवसांनी सागझिऱ्याच्या कोंबड्या माना टाकायला लागल्या. लोक म्हणाले, सुईनं मारल्या. वरून चौकशी झाली, कागदावर आलं की लस चांगली होती, रोग आधीपासूनच पाड्यात असावा. नानांनी खाली सही केली. रोग पाड्यात नव्हता हे एकट्या नानांना माहीत होतं. तो कुणी नेला हेही.

"दुसरा हप्ताले मी पाहाटे गयथू पाड्यावर," नाना म्हणाले. "उजाडी गयं, मॅडम. पन कोंबडा आरवनाच नई. बठ्ठा पाड्यामा एक नई."

रुमलीबाई दारात बसली होती. नवरा केव्हाच वारलेला, मुलगी बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी म्हणून कोंबड्या राखलेल्या. तिनं नानांकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर सागझिऱ्यानं कुणालाही सुई लावू दिली नाही, आणि रोग तर खालून येतच राहिला. दर दोन वर्षांनी पाडा रिकामा, दर दोन वर्षांनी रुमलीबाई कुठून तरी एक कोंबडी आणून अंड्यांवर बसवायची. दार लागलं त्या पहाटे खाली उतरताना नानांनी नाल्यात पाय धुतले, ते त्यांचं पहिलं पाय धुणं. त्याच आठवड्यात त्यांनी खिळे ठोकले. सागझिऱ्याच्या नावाचाही जोड आणला. तो नऊ वर्षं खिळ्यावरून उतरला नव्हता.

वस्तीवर मी बोलले होते ते सगळं आठवलं. माफी मागितली तर नाना म्हणाले, तुम्ही चुकीचं बोलला नाहीत, लोकांना तसंच दिसत असणार. पण खरं कारण सांगायचं तर मूळ गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायची छाती नव्हती. आता महिन्याभरात निवृत्त व्हायचं आहे, आणि रोग नाल्याच्या अलीकडे येऊन उभा आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गेलो. नाल्यापाशी नानांनी बादली मांडली, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाय धुतले आणि सागझिऱ्याचा जोड काढला. न वापरलेला पट्टा ताठ होता, पाय आत शिरेना. पलीकडून लोकांनी आम्हाला पाहिलं होतं. पाच-सहा माणसं उतरून नाल्याच्या त्या काठाला उभी राहिली आणि त्यांच्या मध्ये एक काळी, सडपातळ, ताठ बाई. ही रुमलीबाई, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. नानांनी हात जोडले. नाला फार रुंद नाही, उन्हाळ्याच्या तोंडाला तर नुसते दगड आणि मधे एक धार. तरी ते ओलांडून गेले नाहीत.

"तुन्या कोंबड्या दवाईमुये नई मऱ्यात, रुमलीबाई. मना पायमुये मऱ्यात. मी खालेथून रोग लई उनू. आते खाले परत रोग शे."

एवढं बोलून ते थांबले. समजावणं नाही, गयावया नाही. पलीकडे एक माणूस काहीतरी पुटपुटला, रुमलीबाईनं त्याला हातानं थांबवलं. तिनं विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस? नाना म्हणाले, भ्यायलो. तिनं विचारलं, आज पाय धुतलेस? नानांनी बादलीकडे बोट दाखवलं. मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, ही बाई येऊ दे. तू तिथेच बस.

मी थर्मास घेऊन नाला ओलांडला. नाना अलीकडच्या काठावर अंजनाच्या झाडाखाली दगडावर बसले. कोंबडी धरायची मला नीट येत नव्हती. पहिल्या दोन-तीन माझ्या हातातून सुटल्या, लोक हसले. नाना तिकडून ओरडून सांगत होते, डोळ्यांवर करंगळी धरा मॅडम, सुई बदला मॅडम. रुमलीबाईच्या कोंबड्या तिनं स्वतः धरून दिल्या. शेवटी नानांनी काठावरून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात एक गोष्ट दोनदा बजावली: खालचा रोग संपेपर्यंत कोंबडी खाली न्यायची नाही, आणि नेलीच तर ती परत वर आणायची नाही. काही झालं तरी नाही. त्या सकाळी कुपीत लस उरली होती. नानांनी ती माझ्या देखत खड्ड्यात ओतली, वर चुना टाकला आणि माती लोटली. मग पुन्हा नाल्यात पाय धुतले. पाड्यात त्यांचं पाऊलही पडलं नव्हतं, तरी धुतले.

पुढचे तीन आठवडे खालच्या गावांत कोंबड्या मरत होत्या. नाना दवाखान्यात वेळेवर असत, पण त्यांची सायकल सकाळी दवानं ओली दिसे. एकदा विचारलं तेव्हा सांगितलं की रोज पहाटे नाल्यापर्यंत जाऊन येतो. पलीकडे जायचं नाही. अंजनाखाली बसायचं, पाड्यावरचे कोंबडे आरवतात ते ऐकायचं आणि परत यायचं. आवाजावरून त्यांनी कोंबडे ओळखायला सुरुवात केली होती. एक घोगरा होता, एक मधेच तुटक आरवायचा. "सात शेतस," ते मला म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आल्या, मी न विचारता, "सात शेतस."

महिनाअखेर आली. नानांचा निरोप समारंभ दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवला. मी शाल आणि नारळ आणला, ग्रामपंचायतीला सांगितलं, गल्लीतल्या बायकांना सांगितलं, पेढे मागवले. चार वाजता व्हरांड्यात मी होते, नाना होते आणि म्हशीचं औषध न्यायला आलेला एक माणूस होता, तो पेढा खाऊन गेला. कुणाच्या मनात वैर नव्हतं. पण नऊ वर्षांत हा माणूस कुणाच्या घरात बसला नव्हता, कुणाचा चहा प्यायला नव्हता, कुणाच्या लग्नाला गेला नव्हता. त्याच्या जाण्यानं कुणाच्या घरातली जागा रिकामी होणार नव्हती. अकरा गावांच्या खुराड्यांत त्यांनी वाचवलेल्या कोंबड्या फिरत होत्या आणि माणसांमध्ये त्यांचं कुणीच नव्हतं. मला रडू आलं. नानांनी शालीची घडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, सुरतेत थंडी नसते, तुम्हीच वापरा.

भुसावळची एसटी साडेपाचची. तिथून रात्रीच्या गाडीनं सुरत. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. स्टँडवर जाऊन उभे राहिलो तर लिंबाच्या झाडाखाली रुमलीबाई बसलेली. पाड्यावरून चालत आलेली असणार, पाय धुळीनं भरलेले. मांडीवर एक तांबडी कोंबडी, पायांना चिंधी बांधलेली.

ती उठली आणि कोंबडी नानांच्या पुढे धरली. नानांचा चेहरा एकदम उतरला. ते मागे सरकले. म्हणाले, हे काय केलंस, खाली अजून रोग आहे, ही घेऊन का आलीस? घरी ने हिला. आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं त्यांनाच कळलं.

रुमलीबाईनं हात मागे घेतला नाही.

"खाले लयेल कोंबडी परत वर लई जावानी नई," ती म्हणाली. "तूच सांगेल शे."

ती हसत नव्हती. सगळं नीट विचार करून आली होती. वर नेता येत नाही, या गावात कुणाला देता येत नाही. अकरा गावांत त्या कोंबडीला आता एकच जागा उरली होती. नाना तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कोंबडी फडफडली, त्यांनी डोळ्यांवर करंगळी धरली, ती शांत झाली. रुमलीबाईला त्यांनी पुन्हा बजावलं: नाल्यात पाय धुऊन वर जा, लुगड्याचा काठही धू. ती हो म्हणाली. मग ती वळली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

मी विचारलं, नाना, सुरतेत कुठे ठेवाल हिला? बायको काय म्हणेल?

"चौथा मजला शे आमना. गॅलरी शे," ते म्हणाले. "तठे आजूबाजूले एक बी कोंबडी नई. हिनामुये कोनले धोका नई, आन हिले बी कोनाना नई."

कंडक्टर कोंबडीवरून कुरकुरला, मग म्हणाला, मागच्या सीटवर बसा. नाना पायरी चढले तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायात सागझिऱ्याचा जोड होता. तेवढीच एक चप्पल कुठल्याही गावात गेलेली नव्हती, म्हणून त्यांनी ती घातली असणार. बाकीचे दहा जोड खोलीत भिंतीवरच होते.

गाडी सुटली. मागच्या खिडकीतून मला त्यांचा अर्धा चेहरा दिसला. त्यांनी हात हलवला नाही, दोन्ही हात गुंतलेले होते. मान खाली घालून ते मांडीवरच्या कोंबडीशी काहीतरी बोलत होते.